घट्ट ऊती: कर्करोगाची वाट की कुंपण?

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या २४१ जणींच्या यकृतात दुय्यम गाठी होत्या, प्लीहेत मात्र फक्त १७ जणींच्या. रक्त दोन्ही अवयवांना पोचते, मग एवढी तफावत का? पॅजेट यांचे उत्तर असे की कर्कपेशी हे बी आहे आणि ते मानवेल त्याच जमिनीत रुजते. अमेरिकेत जेम्स एविंग यांनी १९२८ मध्ये उलट मत मांडले. रक्त आणि लसिका जिकडे वाहतात तिकडे पेशी जातात आणि पहिल्या अरुंद वाहिनीत अडकतात, त्यामुळे प्रसाराचा नकाशा वाहिन्यांच्या रचनेवरूनच काढता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० च्या दशकात आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. दर दहा हजारांत एकीलाही नवी गाठ उभी करता आली नाही. पेशी सगळीकडे पोचतात, रुजतात अगदी थोड्या, हे स्पष्ट झाले आणि पॅजेट यांचे पारडे जड झाले.

पुढची बरीच वर्षे या जमिनीचा विचार रसायनशास्त्राच्या भाषेत झाला. कोणती वाढद्रव्ये, कोणते ग्राही रेणू, कोणती जनुके, असेच प्रश्न विचारले गेले. जमीन मऊ आहे की कडक, तिच्यातला दाब किती, तिच्यातून पाणी कुठल्या दिशेने झिरपते, याकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. आज या विषयाला स्वतःच्या प्रयोगशाळा, मोजमापाची यंत्रे आणि फसलेल्या औषधांचा इतिहासही आहे. त्यातल्या मुख्य वादाचा हा आढावा आहे. गाठीभोवतीची घट्ट झालेली ऊती कर्कपेशीला बाहेर ढकलते, की आत कोंडून ठेवते?

पेशीला कडकपणा कसा कळतो

पेशी ज्या पृष्ठभागावर बसते त्याला ती सतत ओढत असते. आल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे डोळ्यांना दिसेल असे दाखवले. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यावर पेशी ठेवल्या तेव्हा त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. १९९७ मध्ये रॉबर्ट पेलहॅम आणि यू-ली वांग यांनी एकाच रासायनिक जातीचे, पण कमीजास्त कडक जेल तयार करून त्यांवर पेशी वाढवल्या. रसायन तेच असूनही मऊ जेलवर पेशींचा आकार, पकड आणि हालचाल वेगळी होती. या साध्या प्रयोगामुळे कडकपणा हा स्वतंत्र घटक म्हणून तपासता येऊ लागला.

यामागची यंत्रणा थोडक्यात अशी. पेशीच्या पटलात इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे बाहेरचे टोक कोलॅजेनसारख्या तंतूंना धरते, तर आतले टोक ॲक्टिनच्या दोरांशी जोडलेले असते आणि मायोसिन ते दोर खेचते. समोरचा तंतू ताठ असेल तर ओढ परत येते, इंटेग्रिनचे पुंजके बनतात, आतले संदेश सुरू होतात आणि पेशी आणखी जोर लावते. तंतू ढिला असेल तर हे चक्र सुरूच होत नाही. ही ओढ केंद्रकापर्यंत कशी पोचते याचा महत्त्वाचा दुवा इटलीतल्या पादुआ येथे स्तेफानो पिक्कोलो यांच्या गटाने २०११ मध्ये दिला. ‘याप’ आणि ‘टाझ’ ही जनुकांना चालना देणारी प्रथिने कडक पृष्ठभागावर केंद्रकात शिरतात आणि मऊ पृष्ठभागावर बाहेरच राहतात, असे त्यांना आढळले.

पहिली बाजू: कडकपणा वाट मोकळी करतो

या बाजूचा पाया व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ मध्ये घातला. उंदराच्या निरोगी स्तनऊतीचा ताठरपणा सुमारे १७० पास्कल भरला, गाठीचा सुमारे ४,००० पास्कल. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा होता. स्तनपेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या तर त्या पोकळ, गोल, शिस्तबद्ध गुच्छ करत. जेल कडक केले की ती रचना मोडे, पोकळी भरून जाई आणि पेशींचे आपापसातले बंध सैल पडत. २००९ मध्ये याच गटाने उंदरांत कोलॅजेनचे तंतू एकमेकांना टाके घालून जोडणारे लायसिल ऑक्सिडेझ हे विकर रोखले. ऊती कमी घट्ट झाली आणि गाठींची आगेकूच मंदावली.

विस्कॉन्सिनमध्ये पॅट्रिशिया कीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजेनच्या मांडणीकडे लक्ष वेधले. सुरुवातीच्या गाठीभोवती तंतू वेटोळे घालून असतात. पुढे ते ताणले जातात आणि काही ठिकाणी गाठीच्या सीमेला काटकोनात उभे राहतात. अशा उभ्या तंतूंवरून कर्कपेशी बाहेर सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा ज्यांच्यात ही उभी मांडणी होती त्यांचे जगण्याचे प्रमाण कमी निघाले. २०१५ मध्ये जिंग यांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की कडक माध्यमात ‘ट्विस्ट-१’ हे प्रथिन केंद्रकात जाते आणि एका जागी बांधलेल्या पेशी सुट्या, भटक्या होऊ लागतात.

रुग्णालयातल्या निरीक्षणांचाही या बाजूला आधार आहे. मॅमोग्राफीत ज्यांच्या स्तनाचा बहुतांश भाग दाट दिसतो त्यांना कर्करोगाचा धोका जवळजवळ चरबीच असलेल्या स्तनाच्या तुलनेत चारपटींहून अधिक असतो. सिऱ्होसिसने आवळलेल्या यकृतात कर्करोग होण्याचे प्रमाण मोठे आहे. मात्र इथे एक सावधगिरी हवी. क्ष-किरणांतला दाटपणा आणि हाताला लागणारा कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कर्करोग सुरू होणे वेगळे आणि तो पसरणे वेगळे. या बाजूचे लेखन वाचताना या दोन पायऱ्या वारंवार एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि वादातला निम्मा गोंधळ तिथूनच येतो असे मला वाटते.

दुसरी बाजू: कडकपणा अडवतो

स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीचा मोठा हिस्सा कर्कपेशींचा नसतोच. तंतू, तंतुपेशी आणि हायलुरोनन नावाच्या चिकट पदार्थाने ती भरलेली असते. हा भराव फोडला तर औषध आत शिरेल, हा विचार सरळ होता आणि २००९ मध्ये उंदरांत तसे घडलेही. या तंतुमय भागाला पोसणारा ‘हेजहॉग’ संदेशमार्ग बंद केल्यावर रक्तवाहिन्या वाढल्या आणि केमोथेरपी पोचली. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नवे औषध मिळालेल्या रुग्णांची स्थिती न मिळालेल्यांहून वाईट होती.

दोन वर्षांनी याचे कारण उलगडू लागले. २०१४ मध्ये रघू कल्लुरी आणि बेन स्टँगर यांच्या गटांनी एकाच नियतकालिकात स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केले. एका गटाने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या तंतुपेशी नष्ट केल्या होत्या, दुसऱ्याने हेजहॉगचा संदेशच काढून घेतला होता. दोन्हीकडे तंतुमय भाग घटला, पण गाठी जास्त आक्रमक झाल्या आणि उंदीर लवकर मेले. कल्लुरी यांच्या गटाने पुढे तंतुपेशींतले पहिल्या प्रकारचे कोलॅजेन तेवढे काढून पाहिले, तेव्हाही रोग वेगानेच वाढला. म्हणजे कोलॅजेनचे काही काम गाठीला वेढून ठेवण्याचे असावे.

याच प्रश्नाचा आपल्या घराजवळचा पुरावा तोंडाच्या कर्करोगात आहे आणि तो जागतिक चर्चेत जितका यायला हवा तितका आलेला नाही. सुपारी, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा हे सतत चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू पांढुरकी, चामड्यासारखी होते, तिखट सहन होत नाही आणि तोंड उघडणे कमी होत जाते. या सबम्यूकस फायब्रोसिसचे वर्णन १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांवरून श्वार्ट्झ यांनी केले आणि १९५३ मध्ये भारतातल्या रुग्णांवरून डॉ. एस. जी. जोशी यांनी. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तंतुपेशी जास्त कोलॅजेन करतात. सुपारीत तांब्याचे प्रमाणही जास्त असते, आणि कोलॅजेनला टाके घालणाऱ्या लायसिल ऑक्सिडेझला चालायला तांबेच लागते. वीव्हर यांनी उंदरांत जे विकर रोखले, तेच इथे वर्षानुवर्षे चेतवले जाते.

या विकारातून कर्करोग होतो, याबद्दल शंका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने केरळातल्या एर्नाकुलममधल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झाला होता. इथवरची गोष्ट पहिल्या बाजूच्या सोयीची आहे. पण २०१३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली. ज्यांच्या तोंडात आधीपासून फायब्रोसिस होता ते वयाने तरुण होते, तरी त्यांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली कमी आक्रमक दिसल्या, मानेच्या लसिकाग्रंथींत प्रसार कमी होता आणि ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर पडण्याचे प्रमाणही कमी होते. आवळलेल्या ऊतीत लसिकावाहिन्या बुजत असाव्यात, हे त्याचे एक सुचवलेले स्पष्टीकरण आहे. ते खरे असेल तर एकच कडक ऊती कर्करोगाला जन्म द्यायला मदत करते आणि जन्मलेल्याची वाटही रोखते.

एक दुबळी बाजूही सांगायला हवी. तोंड उघडत नाही म्हणून हे रुग्ण डॉक्टरांकडे लवकर जात असतील आणि गाठ लहान असतानाच सापडत असेल, ही शक्यता अशा मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासातून पुरती बाद करता येत नाही.

गाठीतला दाब

तिसरा प्रवाह कडकपणापेक्षा दाबाला महत्त्व देतो. बॉस्टनचे राकेश जैन, हे मूळचे आयआयटी कानपूरचे रसायन अभियंते, १९८० च्या दशकापासून यावर काम करत आहेत. निरोगी ऊतीत पेशींमधल्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास असतो. गाठीत रक्तवाहिन्या गळतात, लसिकावाहिन्या चेपलेल्या असतात आणि हा दाब बराच चढतो. त्याच्या जोडीला वाढत्या पेशी आणि तंतू एकमेकांवर रेटतात तो घन दाब वेगळा. त्याने रक्तवाहिन्या मिटतात, प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायूचा तुटवडा पेशींना स्थलांतराकडे ढकलतो.

गाठीच्या कडेला दाब एकदम उतरतो, त्यामुळे द्रव आतून बाहेर झिरपतो. मेलोडी स्वार्ट्झ यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की पेशी स्वतः सोडलेले रसायन या संथ प्रवाहाबरोबर पुढे जाते आणि पेशी त्याच दिशेने, लसिकावाहिनीकडे, निघते. एविंग यांचे वाहिन्यांचे तर्कशास्त्र असे वेगळ्या रूपात परत आले आहे.

बदलणारी पेशी

ऊती घट्ट होते, पण तिच्यातून निघणारी पेशी बहुधा मऊ असते. लॉस एंजेलिसमध्ये २००७ साली रुग्णांच्या छातीत साठलेल्या पाण्यातल्या पेशी अणुबल सूक्ष्मदर्शकाने दाबून पाहिल्या, तेव्हा पसरलेल्या कर्कपेशी त्याच पाण्यातल्या निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. बाझेलच्या गटाने २०१२ मध्ये स्तनाचे ताजे नमुने तपासले. निरोगी नमुन्यात ताठरपणा एकसारखा होता, कर्करोगाच्या नमुन्यात अतिमऊ आणि अतिकडक जागा शेजारी शेजारी होत्या. हाताला गाठ कडक लागते ती मुख्यतः भोवतालच्या तंतूंमुळे.

मऊपणाची खरी परीक्षा केंद्रकाची असते, कारण पेशीतला सर्वांत मोठा आणि ताठ भाग तोच. पीटर फ्रीडल यांच्या गटाने २०१३ मध्ये मोजले की वाट पोखरणारी विकरे बंद असतील तर केंद्रकाच्या आडव्या छेदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून लहान भोकातून पेशी जाऊ शकत नाही. २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की अशा चिंचोळ्या वाटेत केंद्रकाचे आवरण फाटते, डीएनएला इजा होते, आणि बऱ्याच पेशी ते दुरुस्त करून पुढे जातात. पवईच्या आयआयटीत शामिक सेन यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये मांडले की विकरांच्या मदतीशिवाय प्रवास करायचा तर केंद्रक मऊ होणे आवश्यक ठरते. प्रसाराच्या वाटेवर पेशी आपली जनुकेही बिघडवून घेते का, हा त्यातून निघणारा मोठा आणि अजून उघडा प्रश्न आहे.

पेशी एकेकट्याच निघतात असेही नाही. २०१४ च्या एका अभ्यासात रक्तात फिरणारे कर्कपेशींचे घोळके उंदरांत एकट्या पेशींपेक्षा २३ ते ५० पट जास्त परिणामकारक ठरले. दाटीत अडकलेल्या पेशी एकत्र कशा हलू लागतात याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ देत आहेत. लिसा मॅनिंग यांच्या सिद्धांतानुसार त्यासाठी गर्दी कमी व्हावी लागत नाही, पेशींचा आकार लांबट झाला तरी पुरते. विरारच्या लोकलमध्ये बोरिवली आले की गर्दी तितकीच राहते, पण उतरणारी माणसे अंग चोरून आडवी होतात आणि दाराकडे सरकतात, तसेच हे. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या गाठींच्या नमुन्यांत अशा लांबट पेशींचे पट्टे जर्मनीतल्या संशोधकांना दिसले आहेत. रुग्णाचे भवितव्य त्यावरून कितपत सांगता येईल, हे ठरायचे आहे.

काय सुटलेले नाही

पहिली अडचण मोजमापाची आहे. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच पेशीवंशाचा ताठरपणा वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला. उत्तरांत हजारपटीचा फरक पडला. यात कोणाची चूक नव्हती. टोकदार सुईने हळू दाबणे, संपूर्ण पेशी ताणणे आणि ध्वनिलहरींनी हलवणे या तीन वेगळ्या परीक्षा आहेत आणि सजीव ऊती तिन्हींना वेगवेगळे उत्तर देते. मग एका निबंधातले चार किलोपास्कल दुसऱ्यातल्या चार किलोपास्कलशी कसे ताडायचे?

दुसरी अडचण काळाची. उंदरातली गाठ आठवड्यांत वाढते, माणसातली वर्षानुवर्षे. फायब्रोसिसला तेवढा वेळ मिळाला की तंतूंची मांडणी, वाहिन्यांची संख्या आणि प्रतिकारपेशींची ये-जा सगळेच बदलते. दाट कोलॅजेन टी-पेशींनाही गाठीपर्यंत पोचू देत नाही, असे फुफ्फुसाच्या नमुन्यांत दिसले आहे. त्यामुळे कुंपण नेमके कोणाला अडवते हे गाठीगाठीगणिक वेगळे असू शकते.

तिसरी अडचण दुसऱ्या टोकाची, म्हणजे पेशी जिथे उतरते त्या अवयवाची. मेंदू मऊ, हाड कडक, आणि स्तनाचा कर्करोग दोन्हीकडे जातो. कडक जागी वाढलेली पेशी मऊ जागी गेल्यावरही काही काळ आधीच्या सवयीने वागते, असे काही प्रयोग सांगतात. सिऱ्होसिस झालेल्या यकृतात बाहेरून आलेल्या गाठी कमी आढळतात, हे जुने निरीक्षण आहे. त्याला बदललेला रक्तप्रवाह किंवा रुग्णाचे अल्प आयुष्य अशी इतर कारणेही दिली जातात, आणि उंदरांत फायब्रोसिसने प्रसार वाढल्याचे प्रयोगही आहेत.

औषधांचा हिशेब

तंतू सैल करण्याच्या प्रयत्नांचे फळ आतापर्यंत फारसे चांगले नाही. लायसिल ऑक्सिडेझच्या कुळातल्या एका विकराविरुद्धचे सिमटुझुमॅब स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुसऱ्या टप्प्यातच निष्प्रभ ठरले. हायलुरोनन विरघळवणाऱ्या विकराची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१९ मध्ये संपली. केमोथेरपीबरोबर हे औषध मिळालेले रुग्ण मध्यकानुसार ११.२ महिने जगले आणि न मिळालेले ११.५ महिने. त्यात हायलुरोनन जास्त असलेलेच रुग्ण निवडले होते, हे चाचणीच्या बाजूने सांगितले पाहिजे. लोसार्टन या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीने थोडी आशा दाखवली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या बॉस्टनच्या चाचणीत आसपासच्या भागात वाढलेल्या, पण दूर न पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ४९ रुग्णांपैकी ६१ टक्क्यांची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सोबत जोरकस केमोथेरपी व किरणोपचारही होते. कर्करोगासाठी कोणी स्वतःहून ही गोळी घेण्याइतका हा पुरावा नाही.

या अपयशांवरून कडकपणाचा सिद्धांतच चुकला, असा निष्कर्ष मी काढणार नाही. ‘कडकपणा वाईट’ एवढे साधे सूत्र मात्र मोडीत निघाले आहे. कोलॅजेनची मांडणी, रोगाचा टप्पा आणि अवयव पाहिल्याशिवाय वाट की कुंपण हे सांगता येत नाही, असे आजचा पुरावा म्हणतो. शिवाय यांतल्या बहुतेक चाचण्यांत औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर गाठीचा ताठरपणा किंवा दाब मोजून रुग्णांची विभागणी केली गेली नाही. साधन नाही असेही नाही. यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये सांगणारा फायब्रोस्कॅन आपल्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत रोज होतो, स्तनाच्या सोनोग्राफीला इलॅस्टोग्राफीची जोड मिळते. पुढची चाचणी या मोजणीशिवाय आखली गेली तर तिचे यश आणि अपयश दोन्ही समजणार नाहीत.

तोंडाच्या फायब्रोसिसचा अभ्यास मुंबई-नागपूरपेक्षा चांगला कुठे होणार? रुग्ण इथे आहेत, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा इथे शक्य आहे आणि अभियंते व शल्यचिकित्सक एकाच शहरात आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीलाच, तंबाखू नसतानाही, कर्ककारक ठरवून दोन दशके झाली आहेत. एकदा आवळलेली गालाची ऊती पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारी त्याच दिवशी बंद करून दंतवैद्याला दाखवावे.